उलटे बुजगावणे : कापलेल्या रानातील कबुतरांविषयी वाचकांचे प्रश्न

पिंपळगाव बसवंत येथील एका द्राक्ष बागायतदार वाचकांचे पत्र आम्ही मागील अंकात छापले होते, परंतु उत्तराला जागा उरली नव्हती. ते पत्र वाचून त्याच विषयावर आणखी चार पत्रे आली, म्हणून या महिन्याचे सदर या एका विषयालाच दिले आहे. मूळ पत्राचा मजकूर थोडक्यात पुन्हा देत आहे.

प्रश्न : माझी मुलगी इंग्लंडमध्ये लिंकनशायर भागात राहते. गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही उभयता तिच्याकडे गेलो असता जावयांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने मला एके दिवशी बार्ली कापून झालेल्या रानात नेले. त्याने रानात प्लास्टिकची कबुतरे मांडली, कुंपणाला लागून जाळीचा आडोसा केला, मला स्टुलावर बसवले आणि स्वतः बंदूक घेऊन बसला. दोन तास एकही पक्षी उतरला नाही. मग त्याने सगळा पसारा उचलून दुसऱ्या बांधाला नेला, आणि तिथे मात्र कबुतरांची रीघ लागली. भाषेच्या अडचणीमुळे मी फार विचारू शकलो नाही. ती मांडणी नेमकी कशी होती, जागा बदलल्यावर फरक का पडला, आणि मुख्य म्हणजे पीक घरात गेल्यावर कबुतरांचे भय कसले?

उत्तर : आपला शेवटचा प्रश्न सर्वांत मार्मिक आहे, त्याकडे सावकाश येतो. मी स्वतः २०१६ च्या ऑगस्टमध्ये नॉरफकमधील एका शेतकऱ्याच्या आडोशाला असाच एक दिवस काढला होता. बंदूक त्याच्या हाती होती आणि माझ्या हाती चहाचा थर्मास, त्यामुळे निरखायला मला भरपूर सवड मिळाली.

आधी पक्ष्याची ओळख करून घेऊ. आपण पाहिलेला पक्षी आपल्या विहिरींच्या कपारीत घुमणारा पारवा नव्हे. त्याला तिकडे वुडपिजन म्हणतात. तो पारव्याहून चांगलाच थोराड, साधारण अर्धा किलो वजनाचा असतो; त्याच्या मानेच्या दोन्ही बाजूंना पांढरा डाग असतो आणि पंख उघडले की त्यावर आडवा पांढरा पट्टा दिसतो. हा पट्टा लक्षात ठेवावा, कारण पुढचा सारा खेळ त्याच्यावर चालतो. ब्रिटनमध्ये या पक्ष्याच्या सुमारे ५० लाख जोड्या वीण करतात, आणि वीण ऐन भरात येते ती धान्य पिकण्याच्या सुमारास. कापणी यंत्राने झाली तरी दाणे सांडतातच, कणसे तुटून पडतातच. आपल्याकडे गव्हा-बाजरीची सोंगणी झाल्यावर गरीब बायाबापड्या रानात सरवा वेचत असत, तसाच ही कबुतरे बार्लीच्या रानात सरवा वेचतात.

आता ती प्लास्टिकची कबुतरे. त्यांना डिकॉय म्हणतात, आणि मला विचाराल तर ते उलटे बुजगावणे आहे. बुजगावणे पाखरांना सांगते की इथे माणूस उभा आहे, लांब राहा. डिकॉय सांगतो की इथे आपलेच भाऊबंद निवांत चरत आहेत, खाली या. कबूतर थव्याने चरणारा पक्षी आहे. वरून उडत जाताना त्याला धान्य दिसत नाही. चरणारी कबुतरे दिसतात, आणि जिथे ती दिसतात तिथे धान्य व निर्धास्तपणा दोन्ही असणार हे त्याला ठाऊक असते. त्याच्या या शहाणपणावरच शिकारी डाव रचतो.

मांडणी बहुधा घोड्याच्या नालेसारखी असते. पक्षी वाऱ्याला तोंड देऊन जमिनीवर उतरतो, म्हणून नालेची उघडी बाजू वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवतात आणि माणूस वरच्या अंगाला, वारा पाठीशी घेऊन बसतो. येणारे कबूतर उघड्या बाजूने आत शिरते आणि मधल्या मोकळ्या जागेत पाय टेकू पाहते. ती जागा आडोशापासून २५ ते ३० पावलांवर असते. डिकॉय साधारणपणे वाऱ्याकडे तोंड करून, पण सगळे एका ओळीत नव्हे, तर थोडे तिरके, थोडे मागेपुढे आणि एकमेकांपासून चार-पाच पावलांवर ठेवतात. दाटीवाटीने ठेवले तर पोट भरून उठायच्या तयारीतला किंवा बिचकलेला थवा वाटतो. आमच्या शेतकऱ्याने पहिल्याच वाऱ्याच्या झुळकीला मूठभर भुसा उधळून दिशा पाहिली, तेव्हा मला निफाडच्या आमच्या खळ्यावर वावडीवर उभे राहून उफणणी करणाऱ्या आजोबांची आठवण झाली. वाऱ्याची जी पारख उफणणीला लागते, तीच इथेही लागते, आणि वारा अगदी पडला की दोन्ही कामे अडतात.

आपण एका खांबावर गरगर फिरणारे यंत्रही पाहिले असेल. त्याच्या दोन लांब दांड्यांना दोन कबुतरे पंख पसरून लावलेली असतात आणि बॅटरीवर ती फिरत राहतात. पंखांवरचे पांढरे पट्टे त्यामुळे दूरवरून लुकलुकतात आणि नुकतीच कोणी उतरत असल्याचा भास होतो. ते कधी खूप उपयोगी पडते आणि कधी, विशेषतः त्या भागात रोज शिकार चालू असेल तर, पाखरे त्यालाच बुजतात. बारीक पावसाने प्लास्टिक चकाकू लागले तरी तीच गत होते. म्हणून चांगल्या डिकॉयवर मखमलीसारखा, न चकाकणारा लेप असतो. पाडलेली कबुतरे पुढे डिकॉय म्हणून मांडतात, मात्र ती पोटावर नीट बसवून, मान काडीने उचलून. उताणे पडलेले फिकट पोट वरून दिसले की येणारा पक्षी हवेतच वळतो.

आडोशाबद्दल एक बारकावा सांगतो, कारण छायाचित्रकारांनाही त्याचा उपयोग आहे. समोरच्या जाळीपेक्षा पाठीमागचा आडोसा महत्त्वाचा असतो. मागे मोकळे आभाळ असेल तर माणसाची आकृती उठून दिसते; मागे दाट झुडूप असेल तर समोर छातीइतकी जाळीही पुरते. सर्वांत जास्त दगा देतो तो वर पाहणारा उजळ चेहरा. मी पहिल्या तासात तीन वेळा मान वर केली आणि तिन्ही वेळा आमच्या यजमानांनी काही न बोलता माझी टोपी डोळ्यांवर ओढली.

आता आपल्या दोन रिकाम्या तासांविषयी. कबुतरे रानात कुठूनही येत नाहीत. त्यांची वाट ठरलेली असते. रात्रीच्या झाडीपासून चरण्याच्या रानापर्यंत ती एखादी झाडांची रांग, ओढ्याची घळ, कुंपण किंवा विजेच्या तारा धरून उडतात, आणि एकामागून एक येणारे थवे तीच अदृश्य पायवाट चालतात. जाणता शिकारी म्हणून आदल्या दिवशी बंदूक घरी ठेवतो आणि दुर्बीण घेऊन तासन्‌तास नुसता पाहत बसतो. आपल्या यजमानांनी बहुधा ही पाहणी घाईत केली असावी, किंवा रात्रीतून वारा फिरला असावा. वारा फिरला की वाटही सरकते. दोन तासांत त्यांना पलीकडच्या बांधावरून जाणारे पक्षी दिसले आणि त्यांनी बिऱ्हाड हलवले. डिकॉय कितीही हुबेहूब असले तरी वाटेपासून फार दूरच्या पक्ष्याला ते सहसा वळवू शकत नाहीत. दीडशे पावलांच्या फरकाने दिवस बदलतो तो असा.

बंदुकीबद्दल थोडक्यात. ती छऱ्याची, बहुधा १२ बोअरची असते. जबाबदार माणूस फार लांबचा पक्षी मारत नाही, कारण छरे विरळ होऊन पक्षी जखमी होतो आणि कुंपणात कुठेतरी मरतो. खाली, जमिनीलगतच्या पक्ष्यावरही तो झाडत नाही. कारण तिकडे शेतांतून सार्वजनिक पायवाटा जातात. संध्याकाळी पडलेला प्रत्येक पक्षी आणि काडतुसाचे प्रत्येक रिकामे टरफल वेचले जाते. मांस खाल्ले जाते व विकलेही जाते. आमच्या यजमानांनी एका पक्ष्याच्या गळ्याखालची चाऱ्याची पिशवी उघडून दाखवली. ती बार्लीने गच्च भरलेली होती. त्यांनी ते मला पुरावा म्हणून दाखवले होते, पण माझ्या मनात नेमका आपलाच प्रश्न आला, की हा तर सरवा आहे. यात शेतकऱ्याचे गेले काय?

खरे उत्तर असे, की त्या रानापुरते जवळजवळ काहीच गेले नव्हते. कबुतरांचा तडाखा बसतो तो अन्यत्र. वाऱ्यापावसाने आडवे पडलेले पीक त्यांना फार सोयीचे असते, कारण उभ्या ताटांवर हा जड पक्षी टेकू शकत नाही. त्याहून मोठे नुकसान हिवाळ्यात, मोहरीच्या जातीच्या तेलबियांच्या कोवळ्या पानांचे होते. १९७० नंतर तिकडे या पिकाचा पेरा वाढला आणि एरवी उपासमारीने मरणाऱ्या कबुतरांना हिवाळाभर अन्न मिळू लागले. त्यांची संख्या वाढण्याचे हे एक मोठे कारण मानले जाते. शेतकरी म्हणतो की ऑगस्टमध्ये कापलेल्या रानात जी पाडली, ती जानेवारीत माझ्या तेलबियांवर येणार नाहीत. हे ऐकायला पटते, पण पूर्ण खरे नाही. आर. के. मर्टन या पक्षिशास्त्रज्ञाने केंब्रिजशायरमधील कार्लटन येथे या पक्ष्याचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यात असे दिसले की हिवाळ्यात किती कबुतरे जगणार हे मुख्यतः अन्नावर ठरते, आणि शिकारीत मेलेल्यांमुळे उरलेल्यांच्या वाट्याला जास्त अन्न येऊन ती जगतात. काडतुसांसाठी त्या काळी सरकारी अनुदान मिळत असे. ते पुढे बंद झाले. विशिष्ट पिकावर, विशिष्ट दिवसांत बंदुकीचा धाक उपयोगी पडतो हे मला मान्य आहे. मात्र कापलेल्या रानातल्या दिवसाला पीकसंरक्षण म्हणणे ही पुष्कळदा छंदाला दिलेली सोज्ज्वळ झूल असते.

कायद्यानेही हा प्रश्न तिथे टोकाला नेला आहे. १९८१ च्या वन्यजीव व ग्रामीण प्रदेश कायद्यानुसार तिकडे वन्य पक्ष्यांना मुळात संरक्षणच आहे. वुडपिजन मारता येतो तो ‘सर्वसाधारण परवान्या’च्या, म्हणजे वेगळा अर्ज न करता अटी पाळून वापरायच्या परवान्याच्या आधारे. एप्रिल २०१९ मध्ये ‘वाइल्ड जस्टिस’ या संस्थेने दिलेल्या कायदेशीर आव्हानानंतर नॅचरल इंग्लंड या सरकारी यंत्रणेने जुने परवाने मागे घेतले आणि शिकारी व शेतकऱ्यांत एकच गदारोळ झाला. नंतर नवे परवाने आले. आज इंग्लंडमध्ये पिकांच्या गंभीर नुकसानीसाठी जीएल-४२ नावाचा परवाना लागू आहे, आणि त्यात नुकसान गंभीर असणे व अन्य उपायही करून पाहणे अपेक्षित आहे. नुसती मौज हे कारण त्यात बसत नाही. शिवाय वुडपिजनसारखाच दिसणारा, किंचित लहान आणि पांढरे डाग नसलेला स्टॉक डव्ह नावाचा पक्षी त्या परवान्यात येत नाही, म्हणून उडत्या पक्ष्याची ओळख क्षणात पटावी लागते. आपल्या यजमानांनी एखादा पक्षी डोक्यावरून जाऊ दिला असेल आणि आपल्याला नवल वाटले असेल, तर कारण बहुधा हेच असावे.

प्रश्न : सिन्नर तालुक्यात माझे सोयाबीन असते. उगवण होताच पारवे आणि होले दोन दिवसांत ओळीच्या ओळी खुडतात. माझ्याकडे पीकसंरक्षणाचा बंदूक परवाना आहे. पिंपळगावच्या वाचकांनी पाहिलेली पद्धत इथे करता येईल का? पारवा मारायला बंदी नाही असे आमच्याकडे जुने लोक सांगतात.

उत्तर : करता येणार नाही, आणि जुन्या लोकांच्या सांगण्यावर विसंबून तर मुळीच करू नये. त्यांच्या म्हणण्याला थोडा आधार होता. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या जुन्या अनुसूची चारमध्ये कबुतरांच्या कुळाची नोंद करताना पारव्याला वगळले होते. होल्यांना मात्र तेव्हाही संरक्षण होते. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, अनुसूचींची सारी रचनाच बदलली, त्यामुळे ती जुनी वाक्ये आता घोकून उपयोग नाही. त्यातही पहाटेच्या उजेडात उडत्या थव्यात पारवा कोणता आणि होला कोणता हे छऱ्यांना कळत नाही.

कायद्यातील शिकारीची व्याख्या आपण समजतो त्याहून व्यापक आहे. ठार मारणे तर आलेच, पण विष घालणे, फासे लावणे, पकडणे, आमिष दाखवणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे हेही शिकारीतच मोडते. मालमत्तेला धोका निर्माण झाल्यास कलम ११ खाली अधिकृत वनाधिकारी लेखी परवानगी देऊ शकतात, आणि गंमत अशी की तिथे मालमत्तेत समावेश केला आहे तो ‘उभ्या पिकांचा’. म्हणजे सरव्यासाठी बंदूक उचलण्याची वाट आपल्या कायद्याने शब्दातच बंद केली आहे. रानडुक्कर आणि रोही यांच्याबाबत राज्यात असलेली परवानगीची वेगळी पद्धत पक्ष्यांना लागू होत नाही. आपला बंदूक परवाना शस्त्र कायद्याखालचा आहे. तो बंदूक बाळगण्याचा परवाना आहे, पक्षी मारण्याचा नव्हे. काही शंका असल्यास आपल्या वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी अर्ज करून विचारावे.

आता उपायांकडे वळू. सोयाबीनचा रोप जमीन फोडून वर येतो तेव्हा त्याची दोन जाड दलपत्रे उघडी पडतात. पारव्या-होल्यांना हवी असतात ती तीच. खरी पाने सुटली की त्यांचा रस संपतो. म्हणजे धोक्याचे दिवस पेरणीपासून पंधरा दिवसांच्या आतच संपतात, आणि सारा खर्च व श्रम तेवढ्याच दिवसांवर लावावेत. बी ३ ते ५ सेंटिमीटर खोल आणि नीट झाकलेले असावे; ट्रॅक्टर वळतो त्या बांधाकडेच्या पट्ट्यात बी उघडे सांडते, आणि पहिला थवा त्या सांडलेल्या दाण्यांवरच उतरतो. ते दाणे माणूस लावून वेचून घेतले किंवा मातीआड केले, तर पाखरांना आपले रान सापडायलाच दोन दिवस उशीर होतो. या सूचनेकडे लोक हसून दुर्लक्ष करतात, पण वरच्या उत्तरात सांगितलेली कबुतरांची सवय आठवून पाहावी : वरून जाणाऱ्या पक्ष्याला धान्य दिसत नाही, चरणारे पक्षी दिसतात. पहिले चार पारवे उतरू दिले की तेच पुढच्या चाळीसांचे डिकॉय होतात.

शेजाऱ्यांसह एकाच आठवड्यात पेरणी केली तर नुकसान विभागले जाते. एकट्याचे रान आधी किंवा उशिरा उगवले की सारा मारा त्याच्यावर येतो. एका बाजूने लाल आणि दुसऱ्या बाजूने चंदेरी अशी चकाकती फीत काठ्यांना पीळ देऊन बांधली तर ती वाऱ्यावर थरथरते, चमकते आणि गुणगुणते. पक्षी तिला काही दिवस बुजतात, मग सरावतात. म्हणून ती उगवणीच्या आदल्या दिवशीच बांधावी, पेरणीच्या दिवशी नव्हे. बुजगावण्याचेही तसेच आहे. एका जागी पंधरा दिवस उभे राहिलेल्या बुजगावण्याच्या डोक्यावर होला बसलेला मी पाहिला आहे. त्याची जागा रोज बदलावी, सदरा बदलावा, आणि सकाळ-संध्याकाळ दोन तास खऱ्या माणसाने रानात फिरावे. आमच्या लहानपणी माळ्यावर बसून गोफण फिरवणारी मुले असत. गोफणीचा धोंडा पाखराला क्वचितच लागे, तिचा फटकाराच काम करी. बियाण्याला विष लावून टाकण्याचा विचार मात्र कोणी सुचवला तरी मनात आणू नये, कारण ते गुन्हा तर आहेच, शिवाय ते दाणे मोर टिपतात आणि कोंबड्याही.

प्रश्न : आमच्या आजोबांच्या सांगण्याप्रमाणे पूर्वी मालेगावकडच्या माळांवर पारधी पिंजऱ्यातला पाळलेला तितर घेऊन येत आणि त्याच्या आवाजावर रानतितर धरत. इंग्लंडमध्ये असा जिवंत पक्षी आमिष म्हणून चालतो का?

उत्तर : चालत नाही. वर उल्लेख केलेल्या १९८१ च्या कायद्याने बांधून ठेवलेला किंवा जखमी जिवंत पक्षी आमिष म्हणून वापरण्यास तिथे बंदी आहे, म्हणून प्लास्टिकचे किंवा मेलेले पक्षीच वापरतात. आजोबांनी सांगितलेली पद्धत खरी आहे. फासेपारध्यांची ती पिढीजात विद्या होती. तितर आपल्या हद्दीत दुसऱ्या नराची साद ऐकून घेत नाही, भांडायला धावून येतो आणि भोवती लावलेल्या फासात सापडतो. कबूतर सोबतीच्या ओढीने फसते, तितर वैराच्या. या विद्येचा मान मात्र त्या लोकांना कधी मिळाला नाही. इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवण्याची वाट मोकळी केली, त्यांत पारधीही गणले गेले, आणि तो शिक्का कायद्यातून पुसला गेला तो १९५२ साली. नंतर १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली ती योग्यच होती, पण तिच्यावर पोट असणाऱ्यांची दुसरी सोय पुरेशी झाली नाही, हेही इथेच नोंदवतो.

प्रश्न : माझा मुलगा नेमबाजी शिकतो. ‘क्ले पिजन’ या नावाचा या शिकारीशी काही संबंध आहे का?

उत्तर : थेट संबंध आहे. पूर्वी पेटीत कोंडलेली जिवंत कबुतरे ऐन वेळी सोडून त्यांच्यावर नेम धरण्याच्या शर्यती होत. १९०० साली पॅरिसला ऑलिंपिकच्या काळातही तशी स्पर्धा झाली होती. ब्रिटनने १९२१ साली कायदा करून कोंडलेल्या पक्ष्यांवरील नेमबाजी बंद केली. त्याआधीच कबुतरांच्या जागी मातीच्या चकत्या आल्या होत्या. नाव मात्र कबुतराचेच राहिले. आजची चकती ११ सेंटिमीटर व्यासाची आणि सुमारे १०५ ग्रॅम वजनाची असते. अथेन्सला २००४ मध्ये राज्यवर्धनसिंह राठोड यांनी रौप्यपदक मिळवले ते अशाच चकत्यांवर. पण कापलेल्या रानातली शिकार आणि ही नेमबाजी यांतील फरक मुलाला सांगावा : चकती यंत्रातून सुटल्यावर वेग गमावत जाते, तर कबूतर धोका दिसताच वेग वाढवते आणि दिशाही बदलते.

प्रश्न : मी नाशिकमध्ये महाविद्यालयात शिकते आणि पक्ष्यांची छायाचित्रे काढते. बंदुकीऐवजी कॅमेरा असेल तर नांदूर मध्यमेश्वरला किंवा आमच्या निफाडजवळच्या शेतात डिकॉय मांडून चालेल का? हरियालही अशाने जवळ येईल का?

उत्तर : नांदूर मध्यमेश्वरला नको. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचे ते अभयारण्य महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, आणि तिथे वन विभागाच्या परवानगीशिवाय काहीही मांडणे, दाणे टाकणे किंवा ध्वनिमुद्रित साद वाजवणे योग्य नाही. आमिष दाखवणे हा शब्द शिकारीच्या व्याख्येत आहे हे वर आलेच आहे. दाणे टाकून पक्षी बोलावण्याची सवय आपल्या शेतातही लावून घेऊ नये.

हरियाल आपला राज्यपक्षी असला आणि कबुतरांच्याच कुळातला असला, तरी तो कापलेल्या रानात येणार नाही. तो फळे खाणारा पक्षी आहे. वड, पिंपळ, उंबर पिकले की त्याच्या शेंड्यांवर पहाटे उन्हाला बसलेला थवा दिसतो; जमिनीवर तो क्वचितच उतरतो. त्याच्यासाठी डिकॉय नव्हे, पिकलेले उंबराचे झाड शोधावे.

स्वतःच्या शेतातील होल्यांसाठी मात्र त्या इंग्रज शेतकऱ्याचा जवळजवळ सारा दिवस आपल्याला उसना घेता येईल, आणि डिकॉयचीही गरज पडणार नाही. मार्च-एप्रिलमध्ये गव्हाची कापणी यंत्राने झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून होले, पारवे आणि चिमण्या सरव्यावर उतरू लागतात. पहिला दिवस कॅमेरा पिशवीतच ठेवून बांधावर लांब बसावे आणि पक्षी कोणत्या बाजूने येतात, आधी कोणत्या तारेवर किंवा बाभळीवर थांबतात, आणि मग रानाच्या कोणत्या कोपऱ्यात उतरतात, हे वहीत लिहावे. दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वी त्या कोपऱ्यापासून पंचवीस-तीस पावलांवर, पाठीमागे तुरीच्या काड्यांची गंजी किंवा दाट झुडूप येईल अशी जागा धरावी. सूर्य आणि वारा दोन्ही पाठीशी मिळाले तर उत्तम. दोहोंतून एकच निवडायचे असेल तर मी वारा निवडीन, कारण पक्षी वाऱ्याला तोंड देऊन उतरतो, म्हणजे पंख पसरून तो थेट आपल्याकडे तोंड करून येतो आणि छायाचित्र जिवंत होते. फिकट ओढणी, चकाकणारे घड्याळ टाळावे, टोपी डोळ्यांवर ओढावी आणि मान वर करू नये. शेजारच्या रानात पाणी भरणे चालू असेल तर नऊ-दहाच्या सुमारास पक्षी दाणे टिपून पाटावर पाणी प्यायला जातात. कबुतरांच्या कुळातील पक्षी चोच पाण्यात बुडवून, मान वर न करता सलग पाणी ओढून घेतात. चिमणी किंवा साळुंकी तसे पीत नाही, त्यामुळे तो क्षण टिपण्यासारखा असतो. आणि सगळे होले एकाएकी फडफडाट करून उठले, तर आपल्या हातून काही चूक झाली असे समजून उठून उभे राहू नये. पुष्कळदा बांधाच्या उंचीने शिक्रा हा छोटा शिकारी पक्षी गेलेला असतो, आणि तो पलीकडच्या बाभळीवर काही मिनिटे बसलेला सापडतो.